एकच किडनी असलेल्या मुलाने कबड्डी खेळावी का?

प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतच डावी किडनी दिसत नाही असं सांगितलं होतं, जन्मानंतर ते पक्कं झालं. उजवी किडनी मोठी आणि चांगली आहे, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) ०.५, बीपी नॉर्मल. यंदा शाळेच्या १४ वर्षांखालील कबड्डी संघात त्याची निवड झाली. क्रीडाशिक्षक फिटनेस सर्टिफिकेट मागतायत. फॅमिली डॉक्टर म्हणतात, अंगाला लागणारा कुठलाच खेळ नको, बुद्धिबळ खेळू दे. त्याचे आजोबा तालमीत घडलेले, ते म्हणतात काही होत नाही. मुलगा रोज रडतो. खेळू द्यावं का? आणि धाकट्या मुलीचीही सोनोग्राफी करून घ्यावी का?

उत्तर:

ताई, आधी थेट सांगतो. तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून मी त्याला सर्टिफिकेट देईन. मात्र सोनोग्राफीच्या रिपोर्टात दोन गोष्टी बघून, आणि काही अटी घालून. त्या अटी कबड्डीपुरत्या नाहीत, त्यातल्या निम्म्या मैदानाबाहेरच्या आहेत.

तुमच्या फॅमिली डॉक्टरांवर रागावू नका. लहान मुलांच्या किडनीचं काम करणारे आम्ही लोकही बराच काळ हेच सांगत होतो. २००२ साली अमेरिकेतल्या बालमूत्ररोग शल्यविशारदांना विचारलं गेलं, तेव्हा दोनतृतीयांशांहून जास्त जणांनी ‘एक किडनी असेल तर अंगाला अंग भिडणारे खेळ नकोत’ असंच उत्तर दिलं होतं. एकच आहे, ती गेली तर डायलिसिस, मग कशाला धोका घ्या, असा तो सरळ हिशेब. काळजी खरी होती, पण तिच्यामागे मोजदाद फारशी नव्हती. मोजदाद झाली तेव्हा चित्र वेगळं दिसलं.

अमेरिकेतल्या हायस्कूलच्या खेळाडूंच्या १९९५ ते १९९७ या काळातल्या दुखापतींच्या नोंदी तपासून २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका खेळाडूचा एक सराव किंवा एक सामना म्हणजे एक वेळ, असं धरलं तर ४४ लाखांहून जास्त वेळा मुलं मैदानात उतरली होती. एकूण दुखापती २३,६६६. त्यात गुडघ्याच्या ३,४५०, डोकं-मान-मणका मिळून २,०६९, डोळ्याच्या १४८ आणि किडनीच्या १८. त्या अठरांपैकी एकाचीही किडनी गेली नाही, एकालाही ऑपरेशन लागलं नाही. अठरातल्या बारा त्यांच्या त्या हेल्मेट घालून धडका देण्याच्या फुटबॉलमधल्या. कबड्डी त्या यादीत अर्थातच नाही, पण कुस्ती होती. म्हणजे अंगाला अंग भिडवणारा, माणूस उचलून आपटणारा खेळ मोजला गेलेला आहे.

डोक्याच्या आणि किडनीच्या आकड्यांतली तफावत बघा. मेंदूही एकच असतो. तरी डोक्याला लागेल म्हणून आपण मुलांना सरसकट मैदानाबाहेर बसवत नाही. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनेही २००८ च्या मार्गदर्शनात एक किडनी असलेल्या मुलांना खेळबंदी सांगितलेली नाही. अशा प्रत्येक मुलाची तपासणी करून त्याचा वेगळा विचार करा, असं त्यांचं म्हणणं आहे. हा वेगळा विचार करायला वेळ लागतो आणि ‘नको’ लिहायला एक ओळ पुरते, म्हणून ‘नको’ जास्त लिहिलं जातं.

आता मी तुम्हाला एक उलट प्रश्न विचारतो. त्याच्याकडे सायकल आहे का? बहुतेक असेलच, आणि त्यासाठी कुणी सर्टिफिकेट मागितलं नसेल. खेळताना किंवा हुंदडताना मुलांच्या किडनीला इजा होते त्या कारणांत सायकल सगळ्यात वर आहे, फुटबॉलच्याही कितीतरी पुढे. मुलगा पडतो, पुढचं चाक आडवं फिरतं आणि हँडलचं टोक पोटात किंवा कुशीत घुसतं. आज घरी गेल्यावर त्याच्या सायकलच्या मुठी बघा. मुलं सायकल भिंतीला टेकवतात, आडवी टाकतात, त्यात रबरी मुठीचं टोक फाटतं आणि आतला लोखंडी पाइप गोल कडेसकट उघडा पडतो. बोट फिरवलंत तर धार लागेल. सगळं वजन त्या एवढ्याशा गोलावर येतं, म्हणून वर कातडीला नुसता लाल वळ उठतो आणि आत यकृत, प्लीहा किंवा किडनी फाटलेली असते. नवी मूठ कुठल्याही सायकलच्या दुकानात मिळते. कबड्डीचं काहीही ठरवा, ती आधी बदला. तसंच दुचाकीवर त्याला पुढे टाकीवर बसवणं, ट्रिपल सीट जाणं हेही बंद. किडनीच्या गंभीर इजा घेऊन येणारी बहुतेक मुलं रस्त्यावरच्या अपघातातली किंवा उंचावरून पडलेली असतात, खेळाच्या मैदानावरची नव्हेत.

उंचीवरून आठवलं. दहीहंडीला मी कुठलंही सर्टिफिकेट देत नाही. किडनी एक असो की दोन, कोसळणाऱ्या थरातून पडणाऱ्या मुलाला खाली काय लागेल याचा नेम नसतो. १४ वर्षांखालच्या मुलांना थरात चढवणार नाही असं राज्य सरकारने २०१७ साली उच्च न्यायालयात सांगितलेलंच आहे. २०२२ मध्ये दहीहंडीला खेळाचा दर्जा मिळाला म्हणून वरचा थर खाली आलेला नाही.

रिपोर्टात काय बघायचं ते सांगतो. किडनी पोटात मागच्या बाजूला, पाठीच्या जाड स्नायूंना टेकून, शेवटच्या दोन बरगड्यांच्या आडोशाला असते. भोवती चरबीचा थर असतो. मुलांमध्ये हा थर पातळ, बरगड्या लवचिक आणि शरीराच्या मानाने किडनी मोठी. त्यातून एकच किडनी असेल तर ती दोघींचं काम करायला लागून आणखी मोठी होते आणि तिचं खालचं टोक बरगड्यांच्या खाली जरा जास्त उतरतं. म्हणून मोठ्या माणसापेक्षा मुलाची किडनी थोडी उघड्यावर असते हे खरं. पण ती तिच्या जागेवर आणि नीट घडणीची असेल तर हा फरक खेळ बंद करण्याइतका नाही.

मी हात आखडतो ते दुसऱ्या मुलांच्या बाबतीत. किडनीतून लघवी उतरायच्या तोंडाशी अडथळा असून ती सुजलेली असेल, म्हणजे रिपोर्टात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ लिहिलेलं असेल, तर ती पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी साध्या धक्क्यानेही फुटू शकते. किडनी जागेवर न चढता ओटीपोटात राहिलेली असेल तर तिला बरगड्यांचा आडोसाच नाही. दोन्ही किडन्या खालून जुळून नालाच्या आकाराच्या झालेल्या असतील तर मधला जोड थेट मणक्यासमोर येतो, समोरून मार बसला की मधल्यामध्ये चेपतो. आणि प्रत्यारोपण केलेली किडनी जांघेच्या वर, कातडीखाली हाताला लागेल इतकी वर बसवलेली असते. या चारांत मी कबड्डी, कुस्ती, ज्युदो यांना नाही म्हणतो आणि बाकीचे खेळ मुलाबरोबर बसून ठरवतो. तेव्हा तुमच्या रिपोर्टात उजवी किडनी ‘उजव्या जागेवर’ आहे आणि ‘सूज नाही’, ही दोन वाक्यं शोधा. सोनोग्राफी वर्षाहून जुनी असेल तर नवी करा. लांबी किती सेंटिमीटर भरली तेही लिहून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागते.

हे सगळं ठीक निघालं, तर कबड्डी.

मॅटवर किडनीला धोका नेमका कधी असतो? चढाईपटूच्या घोट्याला कोपऱ्यातल्याने हात घातला, मांडी धरली, यात किडनीचा संबंध नाही. तिथे गुडघा आणि घोटा जातो. साखळीने अडवून छातीवर धडक दिली, तीही बहुतेक वेळा निभावते. माझं लक्ष असतं ते चढाईपटू खाली पडल्यानंतरच्या क्षणांकडे. तो मध्यरेषेकडे हात लांबवून पालथा पडलेला असतो, कूस पूर्ण उघडी, आणि वरून एकापाठोपाठ एक चार-पाच जण झेपावतात. कुणाचा तरी गुडघा बरगड्या संपतात तिथे बसतो. दुसरा क्षण म्हणजे मागून कंबर धरून उचलून टाकणं. वजनात सारख्या असलेल्या मुलांमध्ये यातून कूस दुखेल, खरचटेल, बहुधा तेवढंच. पण शालेय स्पर्धेत वजनाची मर्यादा असते तशी सरावात नसते. गावाकडे संध्याकाळी सगळे एकाच मैदानावर येतात आणि अठरा-वीस वर्षांचे पोरगे बारा वर्षांच्याला ‘ये, तयार करतो तुला’ म्हणून घेतात. माझी पहिली अट हीच राहील, की सराव आपल्याच वजनाच्या मुलांबरोबर करायचा. दुसरी अट मॅटची, किंवा निदान खणून, चाळून, खडे वेचलेल्या मातीची. तिसरी क्रीडाशिक्षकांसाठी. पकड झाली, पंचांची शिट्टी वाजली की ढीग लगेच उठला पाहिजे, ही सवय सगळ्या पोरांना लावा. याचा फायदा बाकीच्या अकरांनाही होईल. चौथी अट क्षुल्लक वाटेल, पण मैदानात उतरण्यापूर्वी लघवीला जाऊन यायचं. भरलेल्या मूत्राशयावर मार बसला तर ते फाटू शकतं, आणि शाळेचं स्वच्छतागृह घाण म्हणून दिवसभर लघवी दाबून ठेवणं एका किडनीच्या मुलाला तसंही परवडत नाही.

किडनीसाठी फोमचं जॅकेट, पट्टा वगैरे मिळतं. कबड्डीत ते टिकत नाही, सरकतं, धरायला आयतं सापडतं. जे खेळभर जागेवर राहणार नाही ते घालून उगाच निश्चिंत होऊ नका. क्रिकेटमध्ये लेदरचा चेंडू वेगाने येत असेल तर बरगड्यांचं गार्ड जरूर घाला. तिथे ते बसतं आणि उपयोगाचंही आहे.

मुष्टियुद्ध मात्र नको. तिथे कमरेवर मागून ठोसा मारणं नियमानेच फाऊल आहे, कारण त्याचा परिणाम सगळ्यांना माहीत आहे. पण फाऊल आधी लागतो आणि मग पुकारला जातो. पूर्ण ताकदीने लाथा मारायचे मार्शल आर्ट्सचे प्रकारही मी त्याच रांगेत ठेवतो. आजोबांची कुस्ती मला इतकी भीतीची वाटत नाही, कारण तिथे जोड वजनाची असते आणि वस्ताद समोर उभा असतो. पण आजोबांचं ‘काही होत नाही’ मला चालणार नाही. होऊ शकतं. क्वचित होतं, आणि झालं तर काय करायचं हे घरात सगळ्यांना पाठ असायला हवं.

ते असं. कुशीत किंवा पाठीत जोराचा मार बसला आणि त्यानंतर लघवी लाल, चहासारखी किंवा कोकसारखी झाली, कूस दुखतच राहिली, उलट्या झाल्या, मूल पांढरंफटक पडलं, यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला अशा हॉस्पिटलात जायचं जिथे सीटी स्कॅन आणि रक्तपेढीची सोय आहे. जवळच्या दवाखान्यात बीपी नॉर्मल निघालं म्हणून घरी परतू नका. मुलांचं शरीर रक्त जात असतानाही बीपी बराच वेळ धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं. लघवी स्वच्छ आहे यावरही सोडू नका, किडनीची मुख्य रक्तवाहिनी दुखावली तर लघवी स्वच्छच असू शकते. पोहोचल्यावर पहिलं वाक्य ‘पडलाय’ नको, ‘याला एकच किडनी आहे, उजवी’ हे हवं. मारानंतर आतलं नीट दिसायला शिरेतून औषध देऊन केलेला सीटी लागतो. एक किडनी आहे, औषध कसं द्यायचं, अशा घोळात गरजेचा स्कॅन लांबू देऊ नका. एक कार्ड लॅमिनेट करून त्याच्या दप्तरात आणि किटमध्ये ठेवा. त्यावर नाव, रक्तगट, ‘उजवी एकच किडनी’, तुमचा नंबर आणि शेवटचं क्रिएटिनिन लिहा. एवढं सगळं ऐकून घाबरू नका. किडनीच्या बहुतेक इजा पडून राहून, लक्ष ठेवून, ऑपरेशनशिवाय भरतात. रक्तस्राव थांबत नसेल तर मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार नेऊन फुटलेली फांदी बंद करता येते. अशा इजेनंतर पुन्हा मैदानात कधी उतरायचं ते स्कॅन आणि लघवी ठरवेल, स्पर्धेची तारीख नाही.

जोरदार खेळानंतर कुठलाही मार नसताना लघवीत थोडं रक्त उतरू शकतं, ते दोन-तीन दिवसांत आपोआप जातं. तरी तपासून घ्या. आदल्या रात्री बीट खाल्लं होतं का, तेही आठवा. त्या एका भाजीने पुष्कळ आयांची झोप उडवली आहे.

आता ज्याची मला कबड्डीपेक्षा जास्त धास्ती वाटते ते सांगतो. सामना झाला, घोटा सुजला, शिक्षकांनी किंवा मेडिकलवाल्याने एक गोळी दिली. ती बहुतेक आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. कॉम्बिफ्लॅममध्येही आयबुप्रोफेनच आहे. मुलगा उन्हात दोन तास खेळलेला, घामाने पाणी गेलेलं, प्यायला काही मिळालेलं नाही. अशा वेळी किडनी आपला रक्तपुरवठा ज्या यंत्रणेवर टिकवून धरते, ती ही औषधं बंद करतात. दोन किडन्या असलेल्याचंही क्रिएटिनिन यात चढतं. आपल्या मुलाला दुखण्यावर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, बर्फ आणि विश्रांती. बाकी कुठली गोळी विचारल्याशिवाय नाही. निमेसुलाइड तर १२ वर्षांखालच्यांना द्यायलाच २०११ पासून देशात बंदी आहे, तरी जुन्या पट्ट्या घरात पडलेल्या सापडतात. पाण्याची बाटली मैदानाच्या कडेला असू द्या. आणि दोन-तीन वर्षांनी तो जिमला जायला लागेल, तेव्हा कुणाच्या सांगण्यावरून प्रोटीनचे डबे आणि क्रिएटिन सुरू करू देऊ नका.

अंजू बॉबी जॉर्जने २०२० साली स्वतःच जाहीर केलं, की आपल्याला एकच किडनी आहे. २००३ मध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीत कांस्य मिळवणारी ही बाई, आणि त्याच सांगण्यात तिने वेदनाशामक गोळी आपल्याला सोसत नाही हेही म्हटलं होतं. लांब उडीत कुणी अंगावर पडत नाही हे मान्य. पण तुमच्या मुलाला हे नाव सांगा. ‘तुला एक अवयव कमी आहे’ एवढंच ऐकत तो मोठा झाला असेल.

एकच किडनी असलेल्या मुलांची किडनी मैदानावर एका फटक्यात जाण्यापेक्षा वर्षानुवर्षं, काही न दुखता, हळूहळू झिजण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. नेदरलँड्समधल्या ‘किमोनो’ अभ्यासात एकच किडनी चालणारी ४०७ मुलं होती. कुणाची जन्मतः नसलेली, कुणाची काढलेली. त्यातल्या ३७ टक्के मुलांत वाढलेला रक्तदाब, लघवीत प्रथिन, कमी झालेली गाळणक्षमता यांपैकी काहीतरी होतं किंवा त्यासाठी औषध चालू होतं. बहुतेकांना त्याचा पत्ता तपासणीतच लागतो. म्हणून वर्षातून एकदा बीपी आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं, म्हणजे प्रथिनाचं, क्रिएटिनिनशी प्रमाण. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी तुमचे डॉक्टर सांगतील त्या अंतराने. बीपी मोजताना पट्टा मुलाच्या दंडाच्या मापाचा हवा. मोठ्यांचा ढगळ पट्टा लावला तर आकडा खोटाच कमी येतो. आणि ‘१२०-८० म्हणजे नॉर्मल’ हा हिशेब तेरा वर्षांखालच्या मुलांना लागू नाही, त्यांचं बीपी वय, लिंग आणि उंचीच्या तक्त्यावर बघतात. तुमचा ‘नॉर्मल’ कुठल्या तक्त्यावर बघितला ते एकदा विचारा.

खेळ बंद केलेली मुलं माझ्याकडे चौदा-पंधराव्या वर्षी येतात तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची कंबर सुटलेली असते आणि बीपी चढू लागलेलं असतं. पी.टी.च्या तासाला कट्ट्यावर बसून वेफर्स खाणं हे एका किडनीला कुठल्याही पकडीपेक्षा महागात पडतं. बुद्धिबळ चांगला खेळ आहे, पण ज्याला चढाईला जायचंय त्याची भूक पटावर भागत नाही, आणि त्यात घामही येत नाही.

शाळेचं म्हणाल तर हा पेच जुना आहे. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका शाळेने एका किडनीच्या मुलाला कुस्तीच्या संघात घ्यायला नकार दिला होता. आईवडील धोका समजून सही करायला तयार होते. न्यायालयाने १९८० साली मुलाच्या बाजूने कौल देताना म्हटलं, की सगळी माहिती घेऊन कुटुंबाने केलेल्या निवडीच्या जागी शाळेने आपलं मत बसवू नये. तिथला निवाडा इथे लागू होत नाही, पण तर्क पटण्यासारखा आहे. तुम्ही क्रीडाशिक्षकांपासून काही लपवू नका. सर्टिफिकेटवर नुसतं ‘फिट’ लिहून घेऊ नका. ‘जन्मतः उजवी एकच किडनी, जागेवर, सूज नाही, कार्य उत्तम, कबड्डीस हरकत नाही, समवजनी सराव, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नये, कुशीला मार लागल्यास तातडीने रुग्णालय, मुदत एक वर्ष’ असं लिहून मागा. डॉक्टरांच्या सहीइतकीच त्या शेवटच्या तीन शब्दांना किंमत आहे, त्यामुळे दरवर्षीची तपासणी चुकत नाही. आणि हे सगळं मुलासमोर वाचा. बारा वर्षांच्या पोराला कळतं. लघवी लाल झाली तर लपवायचं नाही, संघातून काढणार नाही, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे. नाहीतर उपांत्य सामन्याच्या दिवशी तो नक्की लपवेल.

धाकट्या मुलीची सोनोग्राफी एकदा करून घ्या. एक किडनी नसणं साधारण दीड-दोन हजार जन्मांमागे एकाला आढळतं, आणि घरात एकाला असेल तर भावंडांत किडनीचं काही वेगळं निघण्याची शक्यता थोडी वाढते. पोटाची साधी सोनोग्राफी, दहा मिनिटांचं काम, सुई नाही. तिलाही एकच निघाली तर वयात येताना गर्भाशयाचीही तपासणी लागेल, कारण मुलींमध्ये या दोन्हींची घडण गर्भात शेजारी-शेजारी होते आणि एकीत बिघाड असला तर दुसरीत असू शकतो. दोन्ही किडन्या जागेवर दिसल्या तर पुन्हा करायची गरज नाही.